ध्वनिचिन्हं टंकायची कशी? बोलीच्या लेखी नोंदींसाठी आयपीएचा कळफलक

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून बोलीतल्या आठवणी, ओव्या, गोष्टी ध्वनिमुद्रित करतोय आणि त्यांचं लेखी रूप तयार करतोय. देवनागरीत सगळं उतरवून झालंय, पण तेवढ्यानं काम भागत नाही. 'जरा' असं लिहिलं तर ते 'थोडंसं' या अर्थाचं की 'म्हातारपण' या अर्थाचं, हे आपल्याला वाक्यावरून कळतं आणि उच्चारही आपोआप बरोबर होतो. ज्याला मराठी येत नाही त्याला त्या ज मधला फरक दिसणारच नाही. 'करतो' मध्ये र अख्खा लिहितो, बोलताना त्यातला अ गळून गेलेला असतो. अनुस्वाराचं तर विचारूच नका. अंक, कंठ, अंत, अंबर या चार शब्दांत चार वेगळे नासिक्य आहेत आणि वर टिंब एकच. 'संशय'मध्ये तर पाचवंच काहीतरी ऐकू येतं. म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे आयपीए, वापरायचं ठरवलंय.

चिन्हं आता बऱ्यापैकी वाचता येतात. अडतंय ते टंकताना. कोणी तक्त्यावरून एकेक चिन्ह उचलून चिकटवतं, कोणी वर्डच्या चिन्हांच्या खिडकीत शोधत बसतं, आणि घाई असेल तर कोणी नुसतं तसं दिसणारं अक्षर टाकून पुढे जातं. सगळ्यांच्या फायली एकत्र केल्या, तर एखादा शब्द शोधल्यावर काही फायलींत सापडतो, काहींत डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

तुम्ही काय वापरता? वेग हवा, फोनवरही जमायला हवं, आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे जशीच्या तशी उघडायला हवी.

वाटसरू

वाचतोय. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

तळटीप

नीलमोहर, धागा फार गरजेचा आहे. तुमच्या शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण कळफलक कुठलाही घेतलात तरी तिचं उत्तर आधी लागणार.

डोळ्याला एक दिसणारं चिन्ह संगणकाला एक नसतं. श्वा घ्या, आपल्या 'अ'साठी बहुतेक जण वापरतात ते उलटं रोमन ई. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक; त्यात आकड्यांबरोबर ए ते एफ ही रोमन अक्षरंही येतात. आयपीएमधल्या श्वाचा युनिकोड क्रमांक ०२५९. पण हुबेहूब तसंच दिसणारं एक अक्षर ०१डीडी वर आहे, ते आफ्रिकेतल्या काही भाषांच्या लिपीसाठी. तिसरं ०४डी९ वर, ते सिरिलिक, म्हणजे रशियन वगैरे भाषांच्या लिपीतलं. छापलं तर तिघांत फरक ओळखता येणार नाही. शोधायला गेलात की तिन्ही वेगवेगळी. तुमच्या फायलींत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

दीर्घत्वाच्या खुणेचंही तसंच. लोक तिथे साधा अपूर्णविराम टाकतात. आयपीएची खूण दोन छोट्या त्रिकोणांची आहे, क्रमांक ०२डी०. आघातासाठी अवतरणचिन्हातली उभी रेघ टाकतात, खरी खूण ०२सी८. इंग्रजीत 'श'सारख्या ध्वनीसाठी येणारं लांब चिन्ह ०२८३ आहे, आणि त्याऐवजी गणितातलं संकलनाचं (इंटिग्रलचं) चिन्ह चिकटवलेलं मी छापील प्रबंधातही पाहिलंय. 'ग'साठी आयपीएचं स्वतःचं अक्षर ०२६१ वर आहे, पण नेहमीचं रोमन अक्षरही ग्राह्य धरतात. तिथे बरोबर-चूक काही नाही, फक्त सगळ्यांनी मिळून एकच ठरवायचं.

आयपीएची बरीचशी खास अक्षरं ०२५० ते ०२एएफ या पट्ट्यात एकत्र आहेत. महाप्राण आणि दीर्घत्व यांसारख्या स्वतंत्र जागा घेणाऱ्या खुणा त्याच्या लगेच पुढच्या पट्ट्यात. अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या खुणा ०३०० पासून. हे तीन पट्टे लक्षात ठेवले की चिन्ह घरातलं की बाहेरचं हे क्रमांकावरूनच कळतं. अपवाद आहेत. ङ चं चिन्ह ०१४बी वर बसलंय, आणि थीटा तर थेट ग्रीकच्या पट्ट्यातलंच वापरतात.

दूर्वा

तळटीपताईंनी पाया घातलाच आहे, मी हातांचं बोलतो.

अधूनमधून एखादंच चिन्ह लागत असेल तर क्रमांकानं टंकणं सोपं. विंडोजवर वर्डमध्ये ०२५९ हे आकडे रोमन कळांनी टंकायचे आणि ऑल्ट धरून एक्स दाबायचा, आकडे जाऊन श्वा येतो. एक अडचण इथे सगळ्यांनाच येते. आकड्यांच्या आधी चिकटून ए ते एफ यांपैकी एखादं रोमन अक्षर असेल, तर वर्ड त्यालाही क्रमांकाचा भाग समजतं आणि भलतंच काहीतरी उमटतं. अशा वेळी फक्त चार आकडे निवडून मग ऑल्ट-एक्स. मॅकवर 'युनिकोड हेक्स इनपुट' हा कळफलक चालू करून ऑप्शनची कळ दाबून धरायची आणि क्रमांक टंकायचा. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू, मग क्रमांक, मग स्पेस.

तुमचं काम पानंच्या पानं लिहिण्याचं आहे, तिथे हे पुरणार नाही. मी कीमॅन हे कळफलकांचं सॉफ्टवेअर वापरतो. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं, आणि त्यात आयपीएचा तयार कळफलक आहे. त्याची रीत हाताला लवकर बसते. आधी जवळचं रोमन अक्षर, त्यामागून एक खूण: लहान-मोठेपणाची (< >) किंवा बरोबरची (=). ई नंतर बरोबरचं चिन्ह दाबलं की श्वा. एन नंतर मोठेपणाचं चिन्ह दाबलं की ङ चं चिन्ह. हात कळफलकावरून उचलावा लागत नाही, आणि प्रत्येक वेळी नेमकं तेच क्रमांकाचं चिन्ह येतं, त्यामुळे दिसण्यावरून फसण्याचा प्रश्नच मिटतो.

ज्यांना काही बसवायचं नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमधले चिन्हांचे कळफलक आहेत, 'टाइपइट' हा त्यातला एक. एक-दोन ओळींना उत्तम. अख्ख्या मुलाखतीला नको, कारण इथून उचलून तिथे चिकटवण्यात ऐकण्याची तंद्री मोडते. आणि ऐकणं हेच तर खरं काम आहे.

रानवारा

कीमॅन चांगलंच आहे. मी मात्र एक्स-साम्पाच्या बाजूचा, आणि ते का ते नीट मांडतो.

साम्पा ही १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय भाषांसाठी तयार झालेली पद्धत. साध्या कळफलकावर जेवढी चिन्हं आहेत तेवढ्यांतच ध्वनी लिहायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९९५ मध्ये ती वाढवून अख्खं आयपीए त्यात बसवलं, तेच एक्स-साम्पा. श्वासाठी ईमेलच्या पत्त्यात येतं ते ॲट चिन्ह. ङ साठी मोठा एन. मूर्धन्य हवं असेल तर अक्षरानंतर उलटी स्वल्परेषा (बॅकटिक), ती एकच्या डावीकडच्या कळेवर असते. म्हणजे ट, ड, ण, ळ, ष या सगळ्यांना एकच नियम! महाप्राणासाठी अधोरेषा आणि एच. दीर्घाला साधा अपूर्णविराम.

मी सगळं याच पद्धतीनं टंकतो आणि शेवटी एका छोट्या प्रोग्रामनं आयपीएत बदलून घेतो. फायदा असा की मूळ फाइल जगातल्या कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येते, आणि आयपीए बनवताना चिन्हं यंत्र टाकतं, माणूस नाही. तीन श्वांचा गोंधळ होऊच शकत नाही.

फक्त हे वर्डमध्ये करू नका. वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं, आणि एक्स-साम्पात लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ङ. सरळ अवतरणचिन्ह तिथे आघाताची खूण आहे, ते वर्ड वळवून टाकतं आणि मग प्रोग्रामला ओळखता येत नाही. साधा टेक्स्ट एडिटर घ्या.

दूर्वा

रानवारा, एकट्यानं काम करायचं तर मान्य. पण समूहात तपासणारा माणूस वेगळा असतो. त्याला ती अधोरेषा नि मोठी-लहान अक्षरं वाचत मूळ आवाज ऐकायचा असतो. आयपीए डोळ्यासमोर असलं की चूक लगेच खटकते. बदल शेवटी होणार असेल तर तोवर कोणालाच काही खटकत नाही.

रानवारा

हे बरोबर आहे. तपासणीआधी बदलून द्यायचं, एवढा एक टप्पा वाढवला तर दोन्ही साधेल. ज्यांना कीमॅन हाताशी आहे त्यांनी थेट आयपीए टंकावं. दोघांची फाइल शेवटी सारखीच निघायला हवी, एवढंच पाहायचं.

औदुंबर

वेगळा मुद्दा. आपल्याकडे इतकी शास्त्रशुद्ध वर्णमाला असताना रोमनवरून बेतलेल्या लिपीमागे का धावायचं? दंत्य च ला खाली नुक्ता द्या. गळलेला अ दाखवायला हलन्त आहे. अनुस्वाराऐवजी ङ, ण, न, म स्पष्ट लिहा. माझ्या मते बहुतेक सगळं काम देवनागरीत होतं, आणि ज्यांची बोली आहे ते लोक ते वाचूही शकतात. आयपीए त्यांच्यासाठी कुलूप लावल्यासारखं आहे.

तळटीप

औदुंबर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. ज्यांचं बोलणं आपण लिहून घेतो त्यांना ते वाचता यायलाच हवं. म्हणून देवनागरीची ओळ काढून टाकू नये, प्रत्येक वाक्याला ती असावीच.

रोमनवरून बेतलेली हेही खरं. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना १८८६ मध्ये पॅरिसला सुरू झाली, पॉल पासी आणि त्यांच्याबरोबरचे भाषाशिक्षक यांनी ती काढली, आणि लिपीचा पहिला आराखडा १८८८ चा. मुलांना परकी भाषा शिकवताना उच्चार दाखवायचे, हा त्यांचा हेतू, आणि त्यांच्या हाताशी होती ती अक्षरं त्यांनी घेतली. पण तक्त्याची रचना पाहा. आडवं उच्चारस्थान: ओठ, दात, मूर्धा, तालू, कंठ. उभा प्रयत्न: स्पर्श, नासिक्य, घर्षक. आपल्याकडे स्थान आणि प्रयत्न यांवरून वर्णांची मांडणी शेकडो वर्षं शिकवली जाते. ज्याला कवर्ग ते पवर्ग पाठ आहे त्याला हा तक्ता परका वाटायचं कारण नाही.

देवनागरी अडते ती दुसरीकडे. एक तर ती लिहिताना आपलं शुद्धलेखन आड येतं. 'पाणी' मधला शेवटचा स्वर आपण दीर्घ लिहितो, म्हणून कानालाही दीर्घ ऐकू येतो असं वाटतं. ध्वनिमुद्रण नीट ऐका. मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांचं लहान-लांबपण बऱ्याच अंशी शब्दातल्या जागेवर ठरतं, लेखनातल्या वेलांटीवर नाही. आयपीए लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं लागतं, हा स्वर खरंच लांब होता का? तो प्रश्न पडणं हाच मला आयपीएचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो. ष लिहिला म्हणून ष बोलला गेला असं नाही; कितीतरी जणांच्या बोलण्यात श आणि ष एकच आहेत. ज्ञ लिहिलं तरी आपण द्न्य म्हणतो. काही बोलींत ळ च्या जागी य किंवा ल येतो. हे लिहिताना हात शुद्धलेखनाकडे ओढला जातो, आणि अनोळखी लिपीत तो ओढा कमी होतो.

दुसरं म्हणजे स्वरांतले बारकावे. दोन 'ए'मधला फरक, अर्ध्या उघड्या तोंडाचा 'आ', यांना मराठीच्या रोजच्या देवनागरीत पुरेशा खुणा नाहीत.

औदुंबर

शुद्धलेखनाच्या ओढ्याचा मुद्दा पटला. दोन्ही ओळी ठेवायच्या तर माझी हरकत नाही. पण देवनागरीची ओळ वर हवी.

तळटीप

वरच असू द्या.

नीलमोहर

किती छान माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. आता नेमके प्रश्न विचारते. आमच्यात सगळ्यात जास्त वाद च, ज आणि घ, ध, भ यांवर होतात. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन च कसे टंकायचे? आणि महाप्राणासाठी वर लहान एच काढायचा तो एकच की दोन वेगळे?

तळटीप

दोन्ही प्रश्न मर्मावर आहेत.

च आणि ज हे स्पर्श आणि घर्षण जोडून होणारे ध्वनी, म्हणून ते दोन चिन्हांनी लिहून वर एक कमान देतात. 'चाक'चा च म्हणजे टी आणि एस, वर कमान. 'चार'चा च म्हणजे टी आणि तालव्य श चं चिन्ह (०२५५), वर कमान. ज ला तसंच, डी आणि झेड, किंवा डी आणि ०२९१. कमानीचा क्रमांक ०३६१, आणि ती दोन अक्षरांच्या *मध्ये* टंकायची: टी, कमान, एस. दोन्ही अक्षरं संपल्यावर टंकली तर कमान एस आणि पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. युनिकोडमध्ये अशा जोडींची तयार एकत्र अक्षरंही आहेत, ०२ए३ पासून पुढे. ती टाळा, संघटनेच्या तक्त्यात आता ती नाहीत, आणि काहींनी ती वापरली, काहींनी कमान वापरली, तर शोध पुन्हा तुटेल.

महाप्राण दोन वेगळे. ख, थ, फ यांत घोष नाही, हवेचा झोत आहे. त्यांना वरचा साधा लहान एच, ०२बी०. घ, ध, भ यांत स्वरतंतू कंप पावत असतानाच हवा सुटते. त्यांना आकडी (हूक) असलेला लहान एच, ०२बी१, किंवा अक्षराखाली दोन टिंबं, ०३२४. दोन्ही प्रचारात आहेत. म्हातारा, न्हाणी, ल्हान यांतही हाच प्रकार आहे हे विसरू नका. म ला अशी खूण न देता म आणि ह असे दोन स्वतंत्र ध्वनी लिहायचे का, हा प्रत्येक बोलीत ऐकून ठरवायचा प्रश्न आहे.

त्यामुळे माझं आग्रहाचं म्हणणं असं: कळफलक निवडण्याआधी चिन्हांची यादी करा. बोलीत कुठले ध्वनी आहेत, प्रत्येकाला कुठलं चिन्ह, त्याचा क्रमांक काय, आणि एक-दोन उदाहरणं. एवढा एक तक्ता सगळ्यांच्या टेबलावर असला की निम्मे वाद संपतात. आणि किती बारीक लिहायचं तेही त्यातच लिहा. अर्थ बदलवणारे ध्वनी तेवढेच लिहायचे असतील तर तिरप्या रेघांत, तोंडून निघालं ते बारकाव्यांसकट लिहायचं असेल तर चौकोनी कंसांत. एकाच फाइलमध्ये अर्धं असं आणि अर्धं तसं झालं की नंतर कोणालाच काही मोजता येत नाही.

शिंपला

यादीला +१. मी भर घालते ती सॉफ्टवेअरची.

ध्वनी कापून, लहरींची आकृती बघून लिहायचं असेल तर प्राट. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं आहे, मोफत. शब्दातला स्वर लांब आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्यात मिलिसेकंद मोजता येतात. प्राटची स्वतःची टंकण्याची रीत आहे: उलटी तिरपी रेघ आणि पुढे दोन खुणा. श्वासाठी एस डब्ल्यू, ङ साठी एन जी, मूर्धन्य ट साठी टी आणि पूर्णविराम. पडद्यावर आयपीए दिसतं, पण फाइलमध्ये त्या खुणाच राहतात. बाहेर द्यायच्या आधी त्यातली युनिकोडमध्ये बदलण्याची आज्ञा जरूर चालवा. आणि फाइल लिहिण्याच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) निवडा, नाहीतर दुसऱ्या प्रोग्रामना फाइल उघडताना त्रास होतो.

चलचित्र असेल, किंवा एकाखाली एक ओळी हव्या असतील (वर देवनागरी, खाली आयपीए, खाली अर्थ), तर इलान. नायमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेचं. औदुंबर म्हणतात ती वरची ओळ तिथे सहज ठेवता येते.

फॉन्टबद्दल कोणी बोललं नाही. वर-खाली खुणा बसवणं सगळ्या फॉन्टांना जमत नाही. कमान सरकते, अनुनासिकाची लाट बाजूला पडते. डूलोस किंवा जेंटियम घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि याच कामासाठी घडवलेले आहेत.

रानवारा

अनुनासिकाच्या लाटेवरून एक गोष्ट. ही शोधात सगळ्यांना छळते. रोमन ए अक्षरावर लाट द्यायची तर युनिकोडमध्ये दोन मार्ग: ए आणि लाट (०३०३) अशी दोन चिन्हं, किंवा दोन्ही मिळून तयार असलेलं एक अक्षर, ००ई३. दिसायला काडीचा फरक नाही. श्वावर लाट दिली तर मात्र तयार अक्षर नाहीच, दोनच चिन्हं लागतात. म्हणजे 'सगळे अनुनासिक स्वर दाखव' असा शोध दिला की श्वावरचे येतील, ए वरचे सुटतील. उपाय सोपा आहे. सगळं लिहून झालं की फाइल एकदा 'एनएफडी' या रूपात आणून ठेवायची, त्यात खुणेसकट तयार असलेली अक्षरं अक्षर आणि खूण अशी सुटी होतात. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याची सोय भाषेबरोबरच येते, दोन ओळींचं काम.

वाटसरू

एक शंका. फोनवर करणाऱ्यांनी काय करायचं?

दूर्वा

कीमॅनच. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ॲप आहे, त्यात आयपीएचा कळफलक उतरवून घ्यायचा. अक्षर दाबून धरलं की त्याची भावंडं वर येतात. लांब मजकुराला मात्र फोन वापरू नये असं माझं मत. क्षेत्रकामात एखादा शब्द ऐकता-ऐकता टिपून घ्यायला ठीक.

नीलमोहर

आमचं ठरलं. तळटीपताईंच्या सल्ल्यानं आधी यादी, क्रमांकांसकट. टंकायला कीमॅन, ज्यांना आवडेल त्यांनी एक्स-साम्पा, पण तपासणीला येताना आयपीएच. देवनागरीची ओळ वर. घ, ध, भ ला आकडीचा लहान एच, कारण खालची टिंबं लहान छपाईत हरवतात. शेवटी सगळ्या फायली एनएफडीत.

एक शेवटचं राहिलं. आमच्याकडे बऱ्याच जुन्या नोंदी एका जुन्या ध्वनिलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरं नि खुणा दिसतात. युनिकोड यायच्या आधीच्या देवनागरी फॉन्टांचं व्हायचं, अगदी तसं. त्या पुन्हा टंकाव्या लागतील का?

तळटीप

नाही लागणार. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्याच जागी ध्वनिचिन्हाचं चित्र बसवलेलं असतं, म्हणजे फाइलमधलं प्रत्येक अक्षर एका ठरावीक चिन्हाचं असतं. जुना फॉन्ट बसवलेल्या एका संगणकावर एक पान छापून घ्या. शेजारी कच्ची अक्षरं ठेवून 'हे अक्षर म्हणजे हे चिन्ह' असा तक्ता बनवा. प्रसिद्ध फॉन्टांचे असे तक्ते आधीच तयार मिळतात. मग रानवारांच्या प्रोग्रामला एक्स-साम्पाऐवजी हा तक्ता द्यायचा, बस. मात्र वर्डच्या फाइलमध्ये देवनागरी किंवा इंग्रजी मजकूरही असेल, तर ज्या तुकड्यांवर तो जुना फॉन्ट लावलेला आहे तेवढेच बदला, नाहीतर इंग्रजी वाक्यांचीही ध्वनिचिन्हं होतील. वर-खालच्या खुणांचा क्रमही तपासा. काही जुन्या फॉन्टांत खूण अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी.

दूर्वा

आणि बदलल्यावर एखादं चिन्ह संशयास्पद वाटलं तर वर्डमध्ये त्याच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून पुन्हा ऑल्ट-एक्स दाबा. चिन्ह जाऊन त्याचा क्रमांक दिसतो. ०२५९ आला तर श्वा तुमचा, ०१डीडी आला तर यादीतला घ्या.